बोटभर उघडी खिडकी

दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरात एखाद्या मराठी बाईला दिवस गेले की बातमी आधी नवऱ्याला कळायची आणि लगोलग विजयाकाकूंना. कधीकधी क्रम उलटाही व्हायचा आणि नवरा बिचारा आपल्याच घरात सगळ्यांत मागे राहायचा. आमच्या आया पुण्याला नाहीतर साताऱ्याला, सासवा त्याहून लांब, आणि गाडीचं रिझर्वेशन मिळेपर्यंत पोर जन्माला येऊन कुशीवर वळायला लागायचं. मग बाळंतपण करायचं कुणी? विजयाकाकूंनी.

त्या दाई नव्हत्या की नर्स नव्हत्या. भालचंद्रकाका पाटणकर कुठल्याशा मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते, त्यांच्या त्या बायको. पण बाळ-बाळंतीण दवाखान्यातून घरी आली की दुसऱ्या दिवशी सकाळी काकू दारात हजर. एका हातात तेलाची बाटली, दुसऱ्या हातात छोटी लोखंडी शेगडी. बाईला तेल लावून अंघोळ, बाळाला पायांवर घेऊन अंघोळ, मग निखाऱ्यांवर ओवा आणि बाळंतशोपा टाकून दोघांना शेक आणि धुरी. असा सव्वा महिना. बदल्यात एक पैसा घ्यायच्या नाहीत. आपण सांगू ते बाळंतिणीनं मुकाट्यानं ऐकावं, एवढीच त्यांची फी.

मला ती फी फार जड गेली. यशोधन झाला तेव्हा ऐन जानेवारी होता. काकूंनी माझ्या कानाला फडकं बांधलं, पायांत मोजे चढवले, दाराच्या फटीला जुनी चादर कोंबली, आणि शेगडी आत आणल्यावर स्वतःच्या हातानं खिडकी बोटभर उघडली. तो बोटभर वारा बरोबर माझ्या मानेवर यायचा. मी भांडले.

"काकू, वारा लागू नये म्हणून मोजे घालता आणि खिडकी उघडी ठेवता? एक काय ते ठरवा."

"ती सटवाईसाठी असते," काकू शांतपणे म्हणाल्या.

"सटवाई पाचवीच्या रात्री येऊन बाळाचं नशीब लिहून गेली की! कोरा कागद, पेन, सगळं ठेवलं होतंत तुम्ही."

"लिहिलेलं परत बघायला येते ती. माझ्या सासूबाईंनी सांगितलंय, शेगडी आत तर खिडकी बोटभर उघडी. बंद दिसली तर रागावते. तू झोप बघू."

मी बी.ए. झालेली, केंद्र सरकारची नोकरी करणारी बाई. मला हसूही आलं आणि रागही. पण बाळंतिणीचं ऐकतो कोण? खिडकी उघडीच राहिली.

पुढे सरकारी क्वार्टरांचं होतं ते झालं. काका रिटायर झाले, क्वार्टर सोडावं लागलं, आणि पाटणकरांनी फरीदाबादला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. लिफ्ट नाही आणि पाण्याची बोंब. आम्ही आर. के. पुरमला आलो. मराठी पोरी आता गुडगावच्या काचेच्या ऑफिसांत नोकऱ्या करत होत्या आणि बाळंतपणाला पगारी जापावाली ठेवत होत्या. काकूंना कुणी बोलवेना. शेगडी माळ्यावर गेली. मी फोन केला की त्या विचारायच्या, "तुमच्या सेक्टरमध्ये कुणाला काही आहे का गं?" मी नाही म्हटलं की विषय बदलायच्या. मला वाईट वाटायचं.

आणि दोन हजार सहाच्या हिवाळ्यात त्यांची एकुलती एक रुचिराच बाळंत झाली.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. पण रुचिराचं सिझेरियन झालेलं, डॉक्टर गुडगावची, आणि फरीदाबादचे तीन जिने. तेव्हा माहेरच उठून सासरी गेलं. काका घर राखायला मागे राहिले आणि काकू पिशवी, तेल आणि शेगडी घेऊन जावयाच्या चौदाव्या मजल्यावरच्या फ्लॅटवर निघाल्या. शेगडी मात्र गेटपर्यंतच पोचली. "माताजी, अंगीठी अलाउड नहीं है," असं म्हणून गार्डनं ती आपल्या केबिनमध्ये ठेवून घेतली. पुढे महिनाभर गार्ड लोक तिच्यावर हात शेकत बसलेले मी डोळ्यांनी पाहिलेत.

जावई विक्रांत गुणी मुलगा. काकूंनाही तो आवडायचा, पण जावई म्हणजे जावई. त्याच्याशी त्या थेट बोलायच्या नाहीत. तो समोर उभा असतानाही "रुचिरा, त्यांना विचार चहा घेणार का," असं चालायचं. तोही तसाच. "रुचिरा, आईंना म्हणावं दमू नका." मधे अंथरुणावर ती ओली बाळंतीण, आणि दोन्हीकडचे निरोप तिच्या अंगावरून जायचे. दोघं एकमेकांना इतका मान देत होते की एकाला दुसऱ्याचं काही म्हणजे काही कळत नव्हतं.

शेगडी अडवली म्हणून सासूबाईंचं तोंड उतरलेलं त्याला दिसलं असावं. कारण दोनच दिवसांत त्यानं घरी पेलेट स्टोव्ह आणला. कंपनीनं त्याला अमेरिकेला पाठवलं होतं, तिथल्या भाड्याच्या घरात त्यानं असला पाहिला होता. इथे एक डीलर फार्महाऊसवाल्यांसाठी तो मागवायचा. लाकडाचा भुसा दाबून केलेल्या बोटाच्या पेरासारख्या गोळ्या, त्या वरच्या टाकीत ओतायच्या. आतला एक स्क्रू फिरत फिरत त्यांना थोडं थोडं करून जाळात ढकलतो. मागच्या भिंतीत दोन भोकं पाडलेली, एकातल्या नळीतून पंखा धूर बाहेर टाकतो आणि दुसरीतून जाळासाठी बाहेरची हवा स्टोव्हमागे खोलीत येते. विक्रांतनं इनव्हर्टरही जोडून घेतला, कारण गुडगावात टॉवर चौदा मजले चढले तरी वीज आपली येऊन-जाऊन होती. मग त्यानं सगळ्यांना शिकवणी दिली. गोळ्या कोरड्याच हव्यात, बाल्कनीत पोतं ठेवलं तर दंवानं फुगतात. राख गार झाल्यावरच काढायची. काचेचं दार पेटलेलं असताना उघडायचं नाही. टाकीत गोळ्यांशिवाय काही टाकायचं नाही. आणि दोन्ही नळ्या मोकळ्या राहिल्या पाहिजेत. हे सगळं त्यानं रुचिराला सांगितलं. काकू दारात उभ्या राहून ऐकत होत्या आणि मान हलवत होत्या.

त्या संध्याकाळी मला फोन आला. "सुनेत्रा, इथल्या शेगडीला वीज लागते गं!"

"असं का?"

"बटण दाबलं की आपोआप पेटते. आत जाळ दिसतो, पण कपाटासारखं दार आहे आणि ते उघडायचं नाही म्हणतात. मग ओवा टाकू कुठे?"

मला काय ठाऊक? माझ्या घरी बजाजचा रॉडवाला हीटर. मी म्हटलं, "विक्रांतला विचारा ना."

"छे गं! त्यांनी एवढ्या हौसेनं आणलंय. काही विचारलं तर म्हणतील सासूला काही समजत नाही."

म्हणून त्यांनी विचारलं नाही, आणि ओवा, बाळंतशोपा, लसणीच्या साली, सगळं मूठभर टाकीत टाकलं. स्क्रू अडकला. विक्रांतनं रविवार घालवून तो साफ केला आणि एक शब्द बोलला नाही. फक्त रुचिराला म्हणाला, "आईंना सांग, टाकीत फक्त गोळ्या." निरोप पोचला. काकूंनी तेव्हापासून त्या यंत्राला हात लावणं सोडलं. लांबूनच, पाहुण्यासारख्या त्याच्याकडे बघत बसायच्या.

यापुढचं मला नंतर कळलं. दोघांनी वेगवेगळं गाठून सांगितलं, आणि "दुसऱ्याला सांगू नकोस" असं दोघांनीही बजावलं. मी कुणाचंच ऐकलेलं नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

तर झालं असं. बाळाचा पाळणा स्टोव्हजवळ. काकूंनी तिथे हात धरला तर भिंतीतल्या एका भोकातून गार हवा सरळ पाळण्यावर! आता नळ्या मोकळ्या ठेवायच्या हे त्यांनी ऐकलं होतं. पण धुराची नळी मोकळी ठेवायची हे समजतं, ही तर नुसती वारा आत आणणारी. बाळंतिणीच्या खोलीत मुद्दाम वारा आणेल असं यंत्र कोण कशाला बनवेल? गवंड्यानं भोक बुजवायचं राहून गेलं असेल, असं त्यांना वाटलं. पण जावयाच्या कामात खोट कशी काढायची? काकूंनी आपल्या जुन्या सुती लुगड्याचा बोळा केला आणि गुपचूप त्या नळीत कोंबला. दाराच्या फटीला चादर लावली. सरकत्या खिडकीच्या कडांना चिकटपट्टी लावली.

बोळा बसला तसा स्टोव्ह टीं-टीं करून बंद पडायला लागला. पेटवला की थोड्या वेळानं परत टीं-टीं. काकू समजल्या, वीज जात असेल. विक्रांत समजला, व्होल्टेज. त्यानं डीलरला फोन लावला. डीलर म्हणाला, "अरे साहब, यहाँ का करंट ही ऐसा है, सेन्सर नखरे करता है. दो तार जोड दो, बिल्कुल बंद नहीं होगा." विक्रांतनं दोन तारा जोडल्या. सासूबाईंना कळलं तर वाटेल की जावयानं बिघडलेली वस्तू आणली, म्हणून त्यानंही ते कुणाला सांगितलं नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय! तेव्हापासून स्टोव्ह एकदाही ओरडला नाही, आणि घरात सगळे खूश झाले.

आणि खिडकी? खिडकीचा निकाल पाचवीलाच लागला होता. काकूंनी पाटावर कोरा कागद आणि पेन मांडलं, खिडकी बोटभर सरकवली, तेव्हा विक्रांत सहज हसून रुचिराला म्हणाला, "सटवाई चौदाव्या मजल्यावर कशी येणार? गार्ड एंट्री करायला लावेल." रुचिरा हसली, टाके दुखेपर्यंत हसली. काकूही हसल्या. आणि लाजून त्यांनी खिडकी लावून टाकली. इतक्या वर्षांत माझ्यासारखीनं भांडून जी बंद झाली नाही, ती जावयाच्या एका थट्टेनं बंद झाली.

पुढच्या एका रविवारी दुपारी मी बाळाला बघायला गेले. विक्रांत बाहेरच्या खोलीत कॉम्प्युटरवर ऑफिसचं काम करत होता. आतल्या खोलीत शिरले आणि मला कोंडल्यासारखं झालं. उबदार होतं, छान उबदार, पण स्टोव्हची काच काळवंडलेली, आणि आतला जाळ पिवळा, आळसटलेला. रुचिरा डोळे मिटून पडली होती. "मावशी, डोकं फार ठणकतंय," म्हणाली. काकूंनी माझ्या चहात साखरेऐवजी मीठ घातलं, आणि मी सांगितल्यावर डब्याकडे नुसत्या बघत राहिल्या.

"काकू, बरं नाही का तुम्हाला?"

"काही समजत नाही गं. डोकं जड झालंय. मघाशी तेलाची बाटली हातात घेऊन बाटलीच शोधत होते." त्या पलंगाच्या कडेला बसल्या. "जागरणं झाली असतील. पण बाळ बघ किती शहाणं. सकाळपासून रडलंसुद्धा नाही."

"गुणाचं पोर हो," मी म्हटलं. मला ते बोलताना काही म्हणजे काही वाटलं नाही. माझंही कपाळ जरा चढायला लागलं होतं, बसच्या धुरामुळे असेल अशी मी समजूत घातली.

काकू माझ्याकडे बघत होत्या. मग पाळण्याकडे. बाळाच्या प्यायच्या वेळा टळून गेल्या होत्या हे तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं असावं, कारण त्या हळूहळू उठल्या, बाळाला घेतलं आणि त्याच्या तळपायावर टिचकी मारली. बाळानं पाय आखडला नाही. परत मारली, जोरात. त्याची मान त्यांच्या दंडावरून कलंडली.

"रडत का नाही गं हा?" त्यांनी मला विचारलं, अगदी लहान मुलीसारखं. "सुनेत्रा, हा रडत का नाही?"

मी घाबरले होते. रुचिरा उठायला गेली आणि परत आडवी झाली. काकू बाळाला घेऊन खोलीच्या मधोमध उभ्या होत्या. त्यांनी स्टोव्हकडे पाहिलं, दाराच्या चादरीकडे पाहिलं, मग खिडकीकडे. त्यांची नजर त्या चिकटपट्टीवर जी थांबली ती हलेना. आणि मग जिनं आयुष्यभर कुणा बाळंतिणीला पंख्याखाली बसू दिलं नाही, त्या बाईनं पायानं चादर उडवली, बाहेरच्या खोलीतून धावत जाऊन बाल्कनीचं दार ढकललं, आणि पंधरा दिवसांच्या उघड्या डोक्याच्या पोराला घेऊन ती डिसेंबरच्या वाऱ्यात जाऊन उभी राहिली.

"विक्रांत!" मी ओरडले. "रुचिराला उचल, बाहेर आण, आत्ता!"

त्यानं काही विचारलं नाही, पळाला. मी खिडकीची पट्टी नखांनी ओरबाडत होते. बाल्कनीत काकू बाळाच्या पाठीवर हात चोळत होत्या आणि "रड रे, रड माझ्या राजा," एवढंच म्हणत होत्या. किती वेळ गेला मला खरंच सांगता येणार नाही. मग एक बारीकसा, मांजराच्या पिल्लासारखा आवाज आला. मग मोठा. काकू तिथेच फरशीवर बसल्या.

दवाखान्यात सगळ्यांना ऑक्सिजन लावला. "कमरे में अंगीठी थी क्या?" डॉक्टरीण बाईंनी विचारलं. विक्रांत म्हणाला, "नहीं मॅडम, अंगीठी नहीं. इम्पोर्टेड पेलेट स्टोव्ह." बाईंनी त्याच्याकडे जसं पाहिलं ते बघून मला त्याची दया आली. मग त्यांनी समजावून सांगितलं. जाळाला पुरेशी हवा मिळाली नाही की विषारी वायू होतो. त्याला वास नसतो, दिसत नाही, माणूस पेंगत जातो.

चार-पाच दिवसांनी सगळे घरी आले. रुचिरा हिंडू-फिरू लागली, बाळ पीत होतं. मेकॅनिकनं स्टोव्ह उचलून नेला, तेव्हा नळीतून लुगड्याचा काळा बोळा निघाला आणि आत त्या दोन जोडलेल्या तारा दिसल्या. बोळा विक्रांतनं पाहिला, आणि हवा कमी पडली की स्टोव्ह बंद करणारा सेन्सरच त्या तारांनी बाद केलाय, हे मेकॅनिकनं मोठ्यानं सांगितलं ते काकूंनी ऐकलं. एकमेकांना मात्र दोघं काही बोलले नाहीत. मला असा संताप आला! दोघांनी तोंड उघडलं असतं तर हे झालं असतं का? पण ती वेळ ओरडायची नव्हती.

काकूंनी पिशवी भरली होती. जापावाली ठेवा म्हणाल्या, मला आता जमत नाही. घरी आल्यापासून त्यांनी बाळाला हात लावला नव्हता. रुचिरा रडून दमली, मग तिनं मला बोलावून घेतलं. मी जवळ बसले तशी त्यांनी मला हळूच विचारलं, "सुनेत्रा, तुझ्या यशोधनच्या वेळी खिडकी उघडी होती ना गं?"

"होती. मी भांडले होते त्यावरून. आठवत नाही?"

"आणि बाकीच्यांकडे?"

"तुम्ही कुणाचं ऐकता का? सगळीकडे उघडीच असणार."

"मग मी ती उघडी ठेवत होते कुणासाठी?" काकूंच्या चेहऱ्यावर खरोखर गोंधळ होता. "डॉक्टरीण म्हणते हवेसाठी. मला हवेचं काही माहीतच नव्हतं. मी आपली सटवाईसाठी ठेवायची. सटवाई नसतेच, हे तर मलाही मनातून ठाऊक होतं, नाहीतर मी हसले असते का? इतक्या पोरी भरवशानं माझ्या हवाली झाल्या, इतकी पोरं मी मांडीवर घेतली, आणि मला काय कळत होतं गं?"

माझी बी.ए.ची पदवी इथे काही कामाला येईना. मी त्यांचा हात धरून बसले.

दारात विक्रांत उभा होता. किती वेळ उभा होता कोण जाणे. बाह्या दुमडलेल्या, हातात तांब्या. रुचिरा तिथेच होती, पण तो तिच्याशी बोलला नाही.

"आई," तो म्हणाला, "पाणी काढलंय. मला वाटतं जरा जास्त गरम झालंय, मला कळत नाही. तुम्ही बघता?"

काकूंनी सवयीनं रुचिराकडे मान वळवली. "त्यांना सांग की..." आणि थांबल्या. पदरानं डोळे पुसले.

"विक्रांत," त्या म्हणाल्या, "आधी ती खिडकी उघड. बोटभर."

त्यानं खिडकी सरकवली. फटीत स्वतःचं बोट घालून पाहिलं. "एवढी?"

"जाडं आहे तुझं बोट. असू दे."

मग न्हाणीत पाटावर पाय लांब करून काकू बसल्या. रुचिरानं बाळ त्यांच्या पायांवर ठेवलं. पहिला तांब्या पडला आणि पोरानं टाहो फोडला. बाथरूम दणाणलं, शेजारच्या फ्लॅटचं कुत्रं भुंकायला लागलं. आम्ही चौघं तिथे होतो, पण त्याला कुणीही गप्प केलं नाही.